मोडी शिकून त्र्यंबकला, दुसरी खेप

त्र्यंबकेश्वरचे उपाध्याय यात्रेला आलेल्या घराण्यांच्या नोंदी पिढ्यानपिढ्या गाववार वह्यांत ठेवतात. आमच्या पूर्वजांची नोंद शोधायला पहिल्या खेपेला गेलो तेव्हा त्यांचा पहिलाच प्रश्न होता, "मूळ गाव?" मी राहतो ते शहर सांगितलं. "ते झालं राहतं गाव. मूळ सांगा." गावाचं नाव ठाऊक होतं, तालुका नव्हता, आणि त्या नावाची तीन गावं त्यांच्याकडे निघाली. त्यातली एक वही त्यांनी उघडून समोर ठेवली. पाहतो तर सगळी मोडी, मराठीची जुनी धावती लिपी. पोरानं मोठ्यांचा पेपर धरावा तसा धरून बसलो. अर्ध्या तासात बाहेर.

घरी आल्यावर मोठ्या आत्याला फोन लावला. हे खरं तर आधी करायचं काम! तालुका, कुलदैवत, पणजोबांचे भाऊ, पणजीचं माहेर, सगळं तिला तोंडपाठ. ते वहीत उतरवलं आणि पुण्यात दहा दिवसांच्या मोडी वर्गाला नाव घातलं. भारत इतिहास संशोधक मंडळ (स्थापना 1910) आणि राज्याचा पुराभिलेख विभाग, दोघेही असे वर्ग घेतात. तारखा ठरलेल्या नसतात, चौकशी करत राहावं लागतं.

अक्षरं तीन-चार दिवसांत येतात. कस लागतो तो पुढे. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि हात न उचलता अक्षरं लटकवत जायचं, असा मोडीचा खाक्या. शब्द कुठे तुटतो हे वाचणाऱ्यानं ठरवायचं. ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न नाही, विरामचिन्हं नाहीत. सरावाच्या कागदावर एका बाईच्या नावापुढे 'कोम' होतं. मी ठामपणे म्हणालो, "ही जात." सर हसले. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, तसं 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. ही चूक मी घरच्या कागदावर केली असती तर पणजीला भलत्याच जातीत नेऊन बसवलं असतं. नुसती मुळाक्षरं यूट्यूबवरूनही येतील. असल्या खोडी समोर बसूनच कळतात.

दुसरी खेप मुद्दाम आडवारी काढली. श्रावणी सोमवार आणि पितृपक्ष टाळाच, उपाध्यायांना मान वर करायला फुरसत नसते. 2027च्या सिंहस्थात तर या कामासाठी जाऊच नका. नाशिकहून एसटीनं तासाभराचा रस्ता आहे, सकाळी लवकर पोचा. तुमच्या गावाचे उपाध्याय कोण, हे तिथल्या कुठल्याही उपाध्यायांना विचारा, ते बरोबर घरापर्यंत धाडतात.

या वेळी लांबट, कडा काळवंडलेली वही निघाली. गावाचं नाव मी स्वतः वाचलं, 'मौजे'सकट. खाली पणजोबांचा लेख, म्हणजे त्यांच्या भेटीची नोंद: कोण आले, वडील, आजोबा, भाऊ, मुलगे. शेवटी त्यांची सही, तीही मोडीत, थोडी थरथरलेली. मिती शके 1832, माघ. इसवी सन काढायला मी 78 मिळवून लगेच 1910 लिहिलं. उपाध्याय म्हणाले, "माघ आहे, 79 मिळवा." शक बदलतो चैत्रात, त्यामुळे जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत एक वाढतो. म्हणजे 1911. आत्याच्या यादीत पणजोबांचे भाऊ दोन; वहीत तीन. तिसऱ्याचं नाव घरात कुणी कधी घेतलं नव्हतं.

फोटो न विचारता काढू नका. मी विचारलं, ते 'लिहून घ्या' म्हणाले. ओळ न् ओळ उतरवली, न लागलेली अक्षरं जशी दिसली तशी रेखाटून घेतली. ती घरी सरांच्या मदतीनं लागली. दक्षिणा स्वखुशीची असते, पण एक माणूस आपल्यासाठी दोन तास वह्या उपसतोय याचं भान ठेवा. निघताना ते तुमचाही लेख लिहून घेतात. तेव्हा बायकोचं माहेरचं नाव आणि मुलींची नावं आवर्जून घालायला सांगा; जुन्या लेखांत लेकी क्वचितच सापडतात.

त्या तिसऱ्या भावासाठी आता तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज दिला आहे, गाव नमुना 14 साठी. गावाकडे त्याला कोतवाल बुक म्हणतात, जन्म-मृत्यूच्या नोंदी त्यात असतात. तेही मोडीतच आहे म्हणे.