एप्रिलमध्ये चोपडा ते तोरणमाळ: ट्रेलरचा फ्रीज गार ठेवत

चोपडा सोडलं की अंकलेश्वरच्या रस्त्याला उजव्या हाताला सातपुडा सोबत करतो आणि डावीकडे तापीपर्यंत काळी जमीन. एप्रिलमध्ये हा रस्ता सकाळी दहालाच तापलेला असतो. आमच्या गाडीमागे छोटा ट्रेलर, त्यात 12 व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसर फ्रीज आणि फ्रीजमध्ये दूध-भाजीसोबत आईच्या इन्सुलिनचा साठा. त्याला 2 ते 8 अंशच लागतात; त्याच्या वर राहिलं तर फार दिवस टिकत नाही आणि गोठलेलं तर टाकूनच द्यावं लागतं. म्हणून घरी गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या फ्रीजच्या एका टोकाला आणि इन्सुलिनचा डबा टॉवेलात गुंडाळून दुसऱ्या टोकाला. फ्रीजही आदल्या रात्री घरच्या विजेवर गार करून घेतलेला.

पहिला मुक्काम एका ओळखीच्या दादांच्या केळीच्या बागेत. शेतात वीज होती, पण ती पंपाची आणि पाळीची. तिच्यावर आपला भार टाकायचा नाही हे आधीच ठरलेलं. जागा दाखवतानाच दादा म्हणाले, "गाडी सावलीमा लाव भाऊ, ऊन काय कमी शे?"

खान्देशात फ्रीजचं सगळं गणित याच वाक्यात आहे. आमचा फ्रीज चालू असताना साधारण 45 वॅट खातो. हवा गार असेल तर तो बराच वेळ बंदच असतो, पण इथल्या दुपारी त्याला उसंत मिळत नाही. दिवसरात्र मिळून साठ टक्के वेळ चालला तरी साडेसहाशे वॅट-तास जातात. 100 अँपिअर-तासांच्या लिथियम बॅटरीत पूर्ण भरल्यावर असतात 1280. म्हणजे सोलरशिवाय दोन दिवसही निघत नाहीत. लोक अशा वेळी आणखी एक बॅटरी घेतात. मी म्हणेन, आधी ऊन अडवा.

ट्रेलर केळीच्या सावलीत लावला, फ्रीजची जाळी उत्तरेकडे केली आणि 200 वॅटचं सुटं पॅनेल लांब केबलने बांधावर उन्हात नेलं. केबल जाडच हवी. बारीक तारेत व्होल्टेज पडतं आणि बॅटरी भरलेली असूनही फ्रीज ती संपली समजून बंद होतो. पॅनेलही तापून थकतं: 25 अंशांच्या वर दर अंशाला सुमारे 0.4 टक्के वीज कमी. म्हणून ते जमिनीपासून उचलून, खालून वारा खेळेल असं ठेवलं.

पश्चिमेच्या भिंतीवर गोणपाट टांगून दुपारभर ओलं ठेवलं. ती झळ इतकी कोरडी की गोणपाट वाळायला वेळ लागत नाही, आणि जितकं लवकर वाळतं तितकी भिंत निवते. मात्र फ्रीजच्या जाळीवर ते कधी येऊ द्यायचं नाही. आतली उष्णता तिथूनच बाहेर पडते. जाळीमागे मी संगणकातला छोटा पंखा बसवलाय. त्याला वीज नावालाच लागते, पण कॉम्प्रेसर लवकर थांबतो.

प्रकाशा गावी तापी-गोमाईचा संगम पाहिला, केदारेश्वराचं दर्शन घेतलं. काठ मोकळा, सावली नाही. ऊन चढायच्या आत निघालो.

शहाद्यापासून तोरणमाळच्या घाटापर्यंत आणि पुढे वळणावळणांवर गाडीचं इंजिनच चार्जरमार्फत ट्रेलरची बॅटरी भरत होतं. अमोनियावर चालणारा गॅसचा फ्रीज मी यासाठीच टाळला: त्याला सपाट जागा लागते आणि चाळिशीपुढच्या उन्हात तो दमतो.

वर, हजार मीटरच्याही पुढे, यशवंत तलावाजवळ रात्री कॉम्प्रेसरचा आवाज क्वचितच आला. आईने सकाळी डबा उघडून काटा पाहिला: 4 अंश. मग तिने शेवभाजीचा मसाला काढला आणि मी खाली उतरण्याआधी गोणपाट भिजवून ठेवलं.