तैनाती फौजेचा हिशेब

तैनाती फौज म्हणजे राजाने आपल्या खर्चाने ठेवायची ईस्ट इंडिया कंपनीची फौज. शाळेच्या पुस्तकात ती दोन ओळींत संपते. गव्हर्नर-जनरल वेलस्लीने पद्धत आणली, राजे फसले, झालं. पण राजे एवढे भोळे नव्हते. 1795 मध्ये खर्ड्याला मराठ्यांकडून मार खाल्लेल्या हैदराबादच्या निजामाला पाठीराखा हवाच होता. हडपसरला 25 ऑक्टोबर 1802 रोजी यशवंतराव होळकरांनी फौज उधळल्यावर पळालेल्या दुसऱ्या बाजीरावाला तर कोणत्याही अटीवर पुण्याची गादी परत हवी होती. मुलूख कसा गेला हे समजायचं असेल तर या करारांतली खर्चाची कलमं वाचावीत.

निजामाचा 1798 चा करार घ्या. कंपनीच्या सहा हजार शिपायांसाठी वर्षाला 24,17,100 रुपये रोख, शिवाय फ्रेंच अधिकाऱ्यांच्या हाताखालची स्वतःची कवायती फौज मोडायची. ठरलेली रोकड आणि ठरलेले हप्ते, इथेच मेख होती. दरबाराचा वसूल हंगामावर चाले. पाऊस चुकला की सूट द्यावी लागे, जहागिरींचा पैसा तर खजिन्यात येतच नसे. कंपनीचा हप्ता मात्र पाऊसपाणी बघत नसे. मग सावकाराकडून कर्ज काढायचं, किंवा महाल इजाऱ्याने, म्हणजे वसुलीच्या मक्त्याने, द्यायचे. इजारदार रयतेला पिळतो, रयत गाव सोडते आणि पुढच्या साली वसूल आणखी घटतो.

यावर कंपनीचा तोडगा साधा होता: रोख जमत नाही ना, मग तेवढ्या उत्पन्नाचा मुलूख द्या. टिपूविरुद्धच्या लढायांत निजामाला वाट्याला आलेला बल्लारी-कडप्प्याकडचा मुलूख 1800 मध्ये असाच कंपनीकडे गेला. अवधच्या नवाबावर तर वर्षाला 76 लाखांचा बोजा होता. 1801 मध्ये रोहिलखंड, गोरखपूर आणि दुआबाचा खालचा भाग मिळून जवळजवळ निम्मं राज्य त्याने लिहून दिलं.

31 डिसेंबर 1802 रोजी बाजीराव पेशव्यांशी झालेल्या वसईच्या तहात कंपनीने थकबाकीची वाटही पाहिली नाही. किमान सहा हजार पायदळ आणि तोफखान्यासाठी 26 लाखांचा मुलूख सुरुवातीलाच तोडून घेतला. सुरतेवरचा हक्क सोडायचा, निजाम आणि गायकवाडांशी असलेल्या तंट्यांत कंपनीचा निवाडा मानायचा, ही कलमं वेगळीच.

माझ्या मते या तहातलं सगळ्यात बोलकं कलम फौजेच्या कामाचं आहे. पेशव्यांचं रक्षण आणि बंडखोरांचा बंदोबस्त फौज करील, पण किरकोळ कामाला येणार नाही, शिबंदीसारखी (म्हणजे वसुली-बंदोबस्ताच्या शिपायांसारखी) वसुलीला बसणार नाही, मुलूखगिरीवर, म्हणजे खंडणी वसुलीच्या स्वारीवर, जाणार नाही आणि मराठी राज्याच्या प्रमुख घराण्यांवर चालून जाणार नाही. म्हणजे पेशव्यांना रोज जिथे फौज लागे, नेमकी तीच कामं वगळलेली. त्यासाठी स्वतःची शिबंदी पोसायचीच, वर युद्ध झालं तर सहा हजार पायदळ आणि दहा हजार स्वार कंपनीच्या मदतीला द्यायचे.

हे स्वार कागदावरच जास्त. पेशव्यांचे स्वार म्हणजे बहुतांशी सरदारांचे. पटवर्धन, रास्ते यांच्यासारखे सरंजामदार बाजीरावावर नाराज, त्यामुळे बोलावलं तरी पथकं वेळेवर आणि पुरती येतील याची खात्री नाही. अशी उणीव म्हणजे रेसिडेंटच्या, म्हणजे दरबारातल्या कंपनीच्या वकिलाच्या, हातात आयती तक्रार.

गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांच्या खुनानंतर बाजीरावाच्या मर्जीतल्या त्रिंबकजी डेंगळ्यांवरून वाद पेटला आणि 13 जून 1817 रोजी रेसिडेंट एल्फिन्स्टनने पुण्याचा तह लादला. त्यात या मदतीचाही हिशेब झाला: वसईत कबूल केलेल्या फौजेऐवजी पाच हजार स्वार आणि तीन हजार पायदळ कंपनीच उभं करणार, आणि त्याच्या खर्चासाठी पेशव्यांनी 34 लाखांचा मुलूख द्यायचा. मराठी राज्याचं प्रमुखपदही याच तहात सोडावं लागलं. पेशवे आणि कंपनी यांच्यातली खडकीची लढाई त्यानंतर पाच महिन्यांच्या आत झाली.