थापट्यांचं रिंगण

रविवार, ९ नोव्हेंबर

दिवाळीचा फराळ आज संपला. डब्याच्या तळाशी चिवड्याचा चुरा तेवढा उरलाय. दुपारी घर शांत होतं म्हणून गेल्या हिवाळ्यातले नांदूर मधमेश्वरचे, म्हणजे आपल्या नाशिकजवळच्या पक्षी अभयारण्यातले, फोटो उघडून बसले. १४१२ फोटो. एका दिवसाचे! निम्मे बदकांच्या पाठींचे आणि उरलेल्यातले निम्मे बदकं उडून गेल्यावरच्या पाण्याचे. त्या दिवशी मी यादीमागे लागले होते. चित्रबलाक झाला, चमच्या झाला, आता चक्रवाक कुठे, असं करत या मनोऱ्यावरून त्या काठाला. संध्याकाळी यादीत ५३ नावं होती आणि मनाला लागलेला फोटो एकही नव्हता.

आज मात्र एका फोटोपाशी थांबले. फोटो चित्रबलाकाचा, तोही हललेला. पण खाली डाव्या कोपऱ्यात सात-आठ थापटे पाण्यात तोंड घालून गोल फिरताहेत. अर्धं वर्तुळ चौकटीबाहेर गेलंय. तेव्हा माझं लक्षच नव्हतं.

थापट्या म्हणजे तो चमच्यासारख्या पसरट चोचीचा बदक. नराचं डोकं हिरवं, छाती पांढरी, कुशी विटकरी. चोचीच्या कडांना कंगव्यासारखे बारीक दाते असतात. पाणी तोंडात घ्यायचं, दात्यांमधून बाहेर सोडायचं, आत अडकलेले बारीक जीव आणि बिया गिळायच्या. आपण चहा गाळतो तसं, फक्त गाळण्यात राहतं तेच याचं जेवण. आणि हे थापटे कधी कधी जमून एकामागे एक असे गोल फिरतात. पुढच्याच्या पायांनी खालचं पाणी ढवळून वर आलं की मागचा ते गाळून खातो. त्याच्या मागचा त्याचं ढवळलेलं खातो. असं ते चाक फिरत राहतं.

मराठीत वारकरी म्हणतात ते वेगळ्याच पक्ष्याला, काळ्या अंगाच्या, पांढऱ्या कपाळाच्या चांदव्याला. रिंगण मात्र थापटे घालतात. नावं ठेवणाऱ्यांनी जरा घाईच केली म्हणायची.

या वर्षी यादी नाही. रिंगण पाहिजे. पूर्ण, वरून, चौकटीच्या मधोमध.

रविवार, १६ नोव्हेंबर

गावी गेलो होतो. सासरे, आम्ही सगळे त्यांना दादाच म्हणतो, गोदावरीच्या डाव्या कालव्यावर पाटकरी होते, म्हणजे कालव्याच्या पाण्यावर देखरेख करणारे. नोकरीभर सायकलवरून चाऱ्या, म्हणजे कालव्याचे छोटे फाटे, बघत फिरले. मी जेवताना सहज म्हटलं, "दादा, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नांदूरला जावं म्हणते."

"पहिल्याच आठवड्यात का गं?"

"गर्दी कमी असते. आणि पक्षी आलेले असतात."

"पक्षी काय कॅलेंडर बघून येतात? पाण्याचं विचारलं का कोणाला?"

मला वाटायचं बंधाऱ्यात पाणी असतंच. दादांनी भाकरीच्या तुकड्यानं ताटातच नकाशा काढला. नांदूरचा बंधारा म्हणजे काही गंगापूरसारखं मोठं धरण नव्हे. १९०७ ते १९११ या काळात इंग्रजांनी गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ तो बांधला, कालव्यांत पाणी वळवायला. शंभर वर्षांहून जास्त गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं, मधे बेटं तयार झाली, पाणवनस्पती माजल्या. धरणाच्या हिशेबात तो तोटा. बदकांच्या हिशेबात घर झालं. याच जागेला १९८६ साली अभयारण्य म्हणून जाहीर केलं आणि २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून हिचं नाव पेपरात आलं. दादांना रामसर म्हणजे काय ते मी सांगितलं. इराणमधलं गाव, तिथे १९७१ मध्ये पाणथळ जागांसाठी करार झाला. ते म्हणाले, "बरं. गाळ काढा म्हणून आम्ही किती कागद लिहिले, अन् आता गाळालाच मान."

मग आवर्तनाचं, म्हणजे शेतीसाठी कालव्यात पाळीनं सोडतात त्या पाण्याचं, सांगितलं. माझी समजूत उलटी होती. आवर्तन सुटलं की बंधारा रिकामा होत असेल, असं मी धरून चालले होते. दादा म्हणाले, शेतकऱ्यांचे पाणीमागणीचे सात नंबरचे अर्ज भरून झाले की वरच्या धरणांतून, दारणातून, गंगापूरमधून नदीत पाणी सोडतात. ते नांदूरला येऊन कालव्यांत चढायला हवं, म्हणजे तेवढे दिवस बंधारा काठोकाठ भरलेला असतो. आवर्तन संपलं, की पाणी ओसरायला लागतं, कडेनं चिखल उघडा पडतो.

"तुझी बदकं भरल्या पाण्यात मधोमध जाऊन बसतात. ठिपके दिसतील नुसते. पाणी उतरलं की काठाला येतील. तेव्हा जा."

मी वही काढून लिहून घेतलं. एवढी वर्षं या घरात वावरते आहे आणि हे कधी विचारलं नव्हतं.

येताना सायखेड्याच्या पुलावरून गाडी हळू घेतली. पुलाखाली पाणवेली दाटलेल्या. आपल्याच शहराचं सांडपाणी खातात नि पोसतात. आणि थापट्यांना असलंच सत्त्वाचं, शेवाळाचं, किड्यांचं पाणी मानवतं, हेही खरं. याचं बरं वाटावं की वाईट, ते काही ठरवता आलं नाही.

बुधवार, २६ नोव्हेंबर

ऑफिसातून येताना भाड्याच्या लेन्सची चौकशी केली. गेल्या वर्षी ज्या दुकानातून १५०-६०० मिमीची लांब पल्ल्याची लेन्स आणली होती तिच्या आत बुरशीची जाळी होती आणि ते मला घरी आल्यावर कळलं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, फोटोत दिसत नाही ती." दिसत होती. यंदा तिथे जायचं नाही एवढं नक्की.

मग बसून विचार केला, मला ६०० हवी कशाला? रिंगण पंधरा-वीस बदकांचं असेल तर त्याचा पसाराच काही मीटरचा. फार जवळ ओढलं तर गोल तुटणार, गेल्या वर्षी तुटला तसा. काठावरून बघितलं तर गोलाची नुसती रेघ दिसते. वरून बघायला हवं. म्हणजे मनोरा. मनोऱ्यावरून, पाणी जवळ असेल तर, माझी जुनी ७०-३०० पुरते. एका निर्णयात दिवसाचे १२०० रुपये वाचले.

दुसरं असं, की हे चाक फिरतंय हे फोटोत दिसायला हवं. नेहमीसारखं सेकंदाच्या १/२००० ला शटर ठेवलं तर बदकं गोठतील, गोल करून ठेवलेल्या प्लास्टिकच्या खेळण्यांसारखी. शटर १/१५ च्या आसपास उतरवलं तर पाणी आणि पाठी थोड्या ओघळतील. त्याला ट्रायपॉड लागणार. आणि मनोऱ्यावर चार माणसं जिना चढली की फळ्या थरथरतात, मग ट्रायपॉड असून नसून सारखा. म्हणून रविवार बाद. आठवड्यातलाच दिवस. साहेबांकडे मंगळवारची रजा मागायची.

बघा, कुठून कुठे आलं. एका पक्ष्याची एक सवय ठरवली आणि लेन्स, जागा, वार सगळं आपोआप ठरत गेलं. गेल्या वर्षी मी याच्या उलट केलं होतं, आधी मोठी लेन्स आणली आणि मग तिच्यासाठी पक्षी शोधत हिंडले.

रविवार, ७ डिसेंबर

सकाळी गोदाघाटावर सराव केला. वाहतं पाणी, घाटाच्या पायऱ्या, कबुतरं. १/१५ ला दहापैकी नऊ फोटो खराब येतात, हे कळलं ते बरंच झालं. कठड्यावर कॅमेरा टेकवायला जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी शिवली होती, आत ज्वारी. शेजारी बसलेला एक पोरगा बराच वेळ बघत होता. शेवटी म्हणाला, "काकू, रील काढताय का?" मी म्हटलं नाही, पाणी काढतेय. तो अजूनच गोंधळला.

ज्वारीच्या पिशवीवर कबुतरं टोच मारू लागली तेव्हा उठले. मनोऱ्यावर तरी तांदूळ भरून न्यावेत का, असा विचार आला, पण तिथे कबुतरं नसतात.

रात्री ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर गेल्या काही हिवाळ्यांच्या नोंदी चाळल्या. थापटे दिसतात नोव्हेंबरपासून. पण नराचा रंग उशिरा भरतो. नोव्हेंबरात बरेच नर अजून मादीसारखे मळखाऊ, मधेच पांढरा डाग. हिरवं डोकं आणि पांढरी छाती उठून दिसायला डिसेंबर सरावा लागतो. रिंगणात ती पांढरी छातीच तर आऱ्यांसारखी दिसायला हवी. म्हणजे दादांचं पाणी आणि बदकांचा रंग, दोघंही मला पुढेच ढकलताहेत.

सोमवार, १५ डिसेंबर

दादांचा फोन. आवर्तन सुटलं. कालवा वाहतोय, बंधारा भरला. २३ तारखेची रजा मंजूर झाली होती, ती रद्द करायला गेले तर साहेब म्हणाले, "लग्न पुढे गेलं का?" मी कारण काय दिलं होतं ते मलाच आठवेना. हो म्हटलं.

थंडी पडली आहे चांगलीच. निफाडचा पारा रोज पेपरात येतो, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा. बागायतदारांची झोप उडालेली. दादा पहाटे द्राक्षांच्या बागेत शेकोट्या पेटवतात, मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून. मला मात्र थंडी हवीच आहे, वारा नको. वारा असला की पाण्याला सुरकुत्या पडतात आणि रिंगणाच्या रेषा मोडतात. फोनवर मी असं बोलले तर पलीकडे दादा गप्प. मग म्हणाले, "तुझ्या फोटोसाठी माझ्या बागेला गारठा मागू नकोस म्हणजे झालं."

जीभ चावली.

सोमवार, ५ जानेवारी

उद्या जायचं. आवर्तन संपलं, पाणी उतरतंय, परवा स्वतः जाऊन बघून आल्याचं दादांनी कळवलं. चापडगावच्या बाजूनं चिखल उघडा पडलाय, शेकाटे आणि शराटी हे पक्षी काठाला आहेत. "तुझे ते चपट्या तोंडाचे पण दिसले," म्हणाले. गोल फिरत होते का, विचारलं. "गोल फिरत होते का सरळ ते मी कशाला बघू? पाणी किती हात उतरलं ते बघितलं."

पहाटे सव्वापाचला निघायचं. नांदूर नाका, चांदोरी, तिथून उजवीकडे सायखेडा. सूर्योदय सातनंतर, पण धुकं आठपर्यंत हलत नाही, म्हणून पहिला तास फोटोचा नाहीच. त्या तासात नुसतं ऐकायचं. गार कॅमेरा एकदम गाडीतल्या ऊबेत आणला की काचेवर बाष्प धरतं, तेव्हा बॅग डिकीत ठेवणार, गारच राहू दे. साडेदहानंतर ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरते, मग दूरचं काही धारदार येत नाही. म्हणजे हातात अडीच तास.

मनोऱ्यावर वनखात्याचा स्थानिक मार्गदर्शक घ्यायचा. गेल्या वर्षी पैसे वाचवायला घेतला नाही आणि दिवसभर भोवत्याला घार म्हणत बसले. चिखलात उतरायचं नाही, काठाशी जायचं नाही. एकदा थवा उठला की थापटे तासभर परतत नाहीत. गेल्या वेळी तो उठवला कोणी, ते मला माहीत आहे. मीच.

बॅटऱ्या दोन, एक खिशात अंगाला लावून, थंडीत लवकर उतरतात. ज्वारीची पिशवी. थर्मास. गुळपोळी चार.

आत्ता नऊ वाजता परत दादांचा फोन आला. तेही येणार म्हणतात. त्यांना वाटेत चांदोरी फाट्यावर घ्यायचं. मी म्हटलं, दादा, मनोऱ्याचा जिना उभा आहे, गुडघ्यांचं काय? म्हणाले, "मी वर कशाला येऊ? तू बदकं बघ. मी खाली काठाला बसतो. दरवाज्यातून पाणी किती गळतंय ते बघायचंय."

गुळपोळ्या सहा केल्या.