तुमचा आवडता आकडा कोणता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. गणित शिकवणाऱ्याला हा प्रश्न लग्नाच्या पंगतीतही सोडत नाही. १७२९ म्हटलं की समोरच्याला गणिती रामानुजन आणि टॅक्सीच्या नंबरचा किस्सा आठवतो, माणूस खूश होतो आणि विषय मिटतो. पण खरं विचाराल तर माझा आकडा ४४०००१.

‘सर, हा तं पिनकोड आहे न!’ आहेच. नागपूरच्या जीपीओचा, सिव्हिल लाइन्सचा. देशात पिनकोड सुरू झाले १५ ऑगस्ट १९७२ ला. तेव्हा कोणी गणित बघून हा आकडा निवडला नव्हता, आणि मला नेमकं तेच आवडतं. कोणाची आख्यायिका नाही, काही नाही. फोडून बघायचा.

अंकांची बेरीज ९, म्हणून ९ ने भाग जातो हे पाचवीतलं पोरगंही सांगेल. भागाकार ४८८८९. आता हा फुटतो का? इथे शॉर्टकट शोधू नका, वही घ्या. २२१ चा वर्ग ४८८४१ आणि २२२ चा ४९२८४, म्हणजे ४८८८९ फुटणार असेल तर त्याचा एक तरी अवयव २२१ च्या आत सापडलाच पाहिजे. तिथवरची शेवटची मूळ संख्या २११. ७ ने भागा, बाकी १. पुढे ९७ ने भागा, पुन्हा बाकी १! शेजारचा ४८८८८ या दोघांनाही वश आहे, हा मात्र एकाने निसटतो. १९, ३१ आणि ८३ ने बाकी २. असं करत २११ पर्यंत जायचं, एकानेही भाग जात नाही. ४८८८९ मूळ संख्या निघते. म्हणजे ४४०००१ ला विभाजक फक्त सहा, आणि त्याला खेटून असलेल्या ४४०००० ला सत्तर. दिसायला दोघं भाऊ-भाऊ.

यापुढचा भाग मात्र मला खरोखर सुंदर वाटतो. ४८८८९ ला ४ ने भागलं की बाकी १ उरते. अशी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते आणि ती जोडी एकच असते. फ्रेंच गणिती फर्माने हे १६४० साली मर्सेन या दुसऱ्या गणितीला पत्रातून कळवलं, सिद्धता काही दिली नाही (त्याची ही खोडच होती). ती अठराव्या शतकात ऑयलर या गणितीने दिली. म्हणजे जोडी आहे याची हमी आधीच मिळाली, शोधायचं काम तेवढं आपलं. २२१ पासून एकेक वर्ग वजा करत खाली यायचं आणि उरलेला आकडा पूर्ण वर्ग आहे का ते बघायचं. बराच वेळ काहीच जुळत नाही. मग २०८ चा वर्ग ४३२६४, उरले ५६२५, म्हणजे ७५ चा वर्ग!

मघाचा ९ हा ३ चा वर्ग, म्हणून दोन्ही आकडे तिप्पट केले की झालं: ६२४ चा वर्ग अधिक २२५ चा वर्ग बरोबर ४४०००१. त्यातही २२५ हा स्वतः १५ चा वर्ग आणि ६२४ हा २५ च्या वर्गापेक्षा एकाने कमी. पत्ता लिहिताना हे डोक्यात आलं की पेन जरा थांबतोच.

नागपुरातल्याच शंकरनगरवाल्यांनी रुसू नये. तुमचा ४४००१० तर दोन प्रकारे जुळतो. एक जोडी ६६३ आणि २१ ची. दुसरी तुम्ही काढा.