कवेत मावणारा समुद्र

ज्यूल व्हर्नची 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी' पुन्हा वाचतेय. लहानपणी मला वाटायचं, पाणबुडी वीस हजार लीग खोल जाते. या वेळी हिशेब मांडला. त्याची लीग चार किलोमीटरची, म्हणजे ८०,००० किलोमीटर. पृथ्वीला दोन फेऱ्या! आकडा खोलीचा नाहीच, पाण्याखालून कापलेल्या अंतराचा आहे.

पण खरी हरखले ती 'फॅदम' या शब्दाने. समुद्राची खोली मोजायचं सहा फुटांचं माप. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ पसरलेले दोन्ही हात, कव. आणि मराठीत याच मापाला शब्द आहे वाव! दोन्ही हात पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत एक वाव. शिसं बांधलेली दोरी पाण्यात सोडायची, वर ओढताना हातांनी मोजायची. म्हणजे दोन दूरच्या भाषांनी समुद्र मोजायला माणसाची मिठीच वापरली.

शीड, सुकाणू, डोलकाठी हे शब्द ओळखीचे होते. वाव मात्र मी फक्त 'संधी' म्हणून वापरत आले. आता पुस्तकात खोलीचा उल्लेख आला की वाचन थांबवून हात पसरते. दहा वाव. मनातल्या मनात दहा माणसं एकावर एक उभी करते आणि मगच पान उलटते.