उभी पट्टी, आडवी पट्टी

लेखा विभागातल्या मॅडमचा लॅपटॉप मोडीत निघणार होता. २ जीबी रॅम, फिरती हार्ड डिस्क, १३६६ बाय ७६८चा पडदा. त्यांना तो टाकवत नव्हता. "अरे, मला दोन तक्ते आणि मेल, एवढंच लागतं. फक्त खालची पट्टी जरा मोठी दिसू दे." मी त्यावर लिनक्स आणि एक्सएफसीई हा त्याचा हलका डेस्कटॉप चढवला. सगळं सुरू होऊन रॅम निम्म्याहून जास्त मोकळी राहिली. इथेच थांबायला हवं होतं.

पण माझ्या अंगात सजावट संचारली. पडदा रुंद, पण बुटका. मग खालच्या पट्टीने त्याची उंची का खावी? पॅनेलचा (एक्सएफसीईत पट्टीला हेच नाव) मोड बदलून 'डेस्कबार' केला, की पट्टी डावीकडे उभी राहते आणि अक्षरं मात्र आडवीच राहतात. कंपोझिटर, म्हणजे खिडक्यांना सावल्यांसारखी सजावट देणारा भाग, बंद केला, तशा खिडक्यांच्या सावल्या गेल्या आणि ओढताना लागणारे झटके थांबले. खिडकीची कड इतकी बारीक की मॅडमच्या माउसला सापडेना. अल्ट दाबून उजव्या बटणाने कुठूनही ओढून खिडकी लहानमोठी करायला शिकवलं, तेव्हा त्या खूश.

दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन. "पट्टी गेली रे!"

खरंच गेली होती. वॉलपेपर, चिन्हं, सगळं जागेवर, पट्टी नाही. आदल्या दिवशी मी मोठा मॉनिटर जोडला होता, त्यामुळे ती न जोडलेल्या पडद्यावर जाऊन बसली असणार, अशी माझी खात्री. उघडली पॅनेलच्या सेटिंग्जची एक्सएमएल फाइल आणि जागेचे आकडे बदलत बसलो. काही होईना. मग आठवलं, एक्सएफसीईची सेटिंग्ज सांभाळणारा 'एक्सएफकॉन्फडी' हा प्रोग्राम ती सेटिंग्ज एकदा वाचून मेमरीत ठेवतो. आपण मागून फाइल खरवडली तर त्याला पत्ता नसतो. म्हणून त्याला थांबवून पुन्हा बदल केले. तरी नाही. दीड तास गेला, आणि मॅडम शेजारी हिशेबाची चोपडी घेऊन शांत बसलेल्या. त्या शांततेचा जास्त त्रास झाला.

शेवटी सेटिंग्जमधून 'पॅनेल' उघडलं, तर त्यानेच सांगितलं: पॅनेल चालूच नाहीये, सुरू करू का? केलं तर लॉगआउट करताना सेशन, म्हणजे तेव्हा काय काय चालू आहे ते, जतन करा.

डोक्यात प्रकाश पडला. आदल्या संध्याकाळी प्रयोग करताना मीच टर्मिनलमधून पॅनेल बंद केलं होतं आणि तिथूनच लॉगआउट केलं. लॉगआउटच्या चौकटीत सेशन जतन करायची खूण केलेली होती. एक्सएफसीईने इमानदारीने पट्टी नसलेलं सेशन जपून ठेवलं आणि सकाळी तेच परत आणलं. जे चालूच नाही, त्याची जागा मी दीड तास बदलत होतो!

पॅनेल सुरू केलं, होम फोल्डरात लपलेल्या कॅशमधली जुनी सेशन्स पुसली, आणि लॉगआउट करताना ती खूण आठवणीने काढली. परत लॉगिन केलं, पट्टी हजर. अल्ट-एफ२ दाबून उघडणाऱ्या आज्ञेच्या चौकटीत 'एक्सएफसीई४-पॅनेल' लिहिलं असतं तरी ती तेव्हाच दिसली असती, हे आता सुचून काय उपयोग.

मॅडमनी चष्मा वर करून पडदा पाहिला. "आली. पण ती खाली होती ना रे आधी?"

दोन मिनिटांत पट्टी खाली नेली. ४८ पिक्सेल जाडीची.