आमची वाटचाल : कॅसेटपासून डीव्हीडीपर्यंत

१९९६ साली मी एका व्हिडिओ शूटिंगवाल्यांकडे लाईट धरायला लागलो. कॅमेरामन पुढं आणि मी मागं हॅलोजन घेऊन, अक्षता संपेपर्यंत हात खाली घ्यायचा नाही. कॅमेरा खांद्यावरचा, मोठी व्हीएचएस कॅसेट थेट त्यातच बसायची. हळूहळू शूटिंग शिकलो, मिक्सिंग शिकलो आणि मग सांगलीत गणपती पेठेजवळ स्वतःचं छोटं दुकान टाकलं.

२००४ च्या आसपास गिऱ्हाईकं विचारायला लागली, दादा आमच्या लग्नाच्या कॅसेटची सीडी करून मिळेल का. घरोघरी प्लेअर आले होते आणि कॅसेट चालवणारा व्हीसीआर बिघडला की दुरुस्त करणारा सापडत नव्हता. मग हप्त्यावर कॉम्प्युटर घेतला, पेंटियम फोर, ८० जीबीची हार्डडिस्क, आणि कॅसेटवरचं चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणारं एक स्वस्तातलं कॅप्चर कार्ड. पहिलंच लग्न कॅप्चर केलं तर तासाभरानंतर आवाज आणि चित्र जुळेना, अक्षता आधी पडायच्या आणि "सावधान" नंतर ऐकू यायचं. आठ दिवस सॉफ्टवेअर बदलून बघितली, शेवटी कळलं की जुन्या रिळाचा सिग्नल डळमळीत असतो, कार्ड मधल्या मधल्या फ्रेम सोडून देतं आणि आवाज मात्र चालूच राहतो. मग एव्ही-इन असलेला, म्हणजे बाहेरचं चित्र-आवाज आत घेणारा डीव्ही (डिजिटल) कॅमेरा मध्ये जोडला, व्हीसीआरमधून पिवळी-पांढरी-लाल वायर कॅमेऱ्यात आणि कॅमेऱ्यातून फायरवायर नावाच्या डिजिटल वायरने कॉम्प्युटरला. तेव्हापासून तो त्रास संपला, पण डीव्हीची फाईल तासाला १३ जीबी, म्हणजे तीन तासांची कॅसेट एकटीच ४० जीबीच्या आसपास जागा खायची. एक कॅसेट घ्यायची, डीव्हीडी करायची, तपासायची, मगच पुसून दुसरी लावायची.

लोकांना वाटतं कॉम्प्युटर आहे म्हणजे दहा मिनिटांचं काम. पण कॅसेट तीन तासांची असेल तर कॅप्चरला तीन तासच लागतात, त्यात घाई चालत नाही. आणि ते दिवस लोडशेडिंगचे, दोन तास वीस मिनिटं झाली की लाईट जायची आणि सगळं पहिल्यापासून. रात्री जेवून परत दुकानात यायचो आणि बायको थर्मासमध्ये चहा देऊन पाठवायची. इन्व्हर्टर घेतला तेव्हा कुठं रात्रीची झोप मिळाली. ४.७ जीबीच्या एका डिस्कवर दोन तास चांगले बसतात, तीन कोंबले की वरातीत नाचणाऱ्या माणसांवर चौकोन चौकोन दिसायला लागतात, म्हणून आम्ही दोन डिस्क देतो. काहीजण नाराज व्हायचे, तरी आम्ही ते बदललं नाही.

एक चूक मात्र सांगायलाच पाहिजे. एक ताई कॅसेट घेऊन आल्या, मी म्हटलं थांबा, चेक करून सांगतो, आणि काउंटरवरच्या व्हीसीआरला लावली. काचेतून रिळाच्या कडेला पांढरट दिसत होतं, पण मी लक्ष दिलं नाही. बुरशीने रीळ चिकटलेलं होतं, दोन मिनिटांत आत अडकलं, बाहेर काढलं तर हातभर पट्टी चुरगळलेली. तेवढी कापून जोड दिला, पण त्या तुकड्यातली हळद गेली ती गेलीच. ताई काही बोलल्या नाहीत, नुसत्या कॅसेटकडे बघत राहिल्या. त्या दिवसापासून आमच्याकडे नियम आहे, कॅसेट नुसती बघायला म्हणून लावायची नाही, लावली की कॅप्चर चालूच पाहिजे, कारण ते रीळ परत चालेल याची खात्री नसते. बुरशीवाल्या कॅसेटसाठी व्हीसीआर वेगळा, नाहीतर ती बुरशी हेडला, म्हणजे रीळ वाचणाऱ्या भागाला लागून पुढच्या माणसाच्या कॅसेटवर जाते. आणि कॅसेट हातात आली की आधी तिच्या कडेची प्लास्टिकची छोटी टॅब मोडायची, म्हणजे चुकूनसुद्धा वर रेकॉर्डिंग होत नाही.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. पाणी उतरल्यावर लोक पिशव्या भरून चिखलातल्या कॅसेटी घेऊन आले. काहींनी त्या उन्हात वाळत घातलेल्या, त्यांचे थर एकमेकांना घट्ट चिकटलेले. ओल्याच आणल्या त्यातल्या बऱ्याच वाचल्या. पाच स्क्रू काढायचे, रीळ बाहेर घ्यायचं, बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड वॉटरने चिखल धुवायचा, सावलीत वाळवायचं आणि चांगल्या रिकाम्या कॅसेटमध्ये बसवायचं. एका कॅसेटला अर्धा दिवस जायचा. मुलगा तेव्हा बारावीत होता, त्याचे हात बारीक, रीळ गाईडमधून ओवायचं काम तोच करायचा. पूरवाल्यांकडून मजुरी घेतली नाही, फक्त डिस्कचे पैसे घेतले.

त्यातल्याच एका कॅसेटवर "साखरपुडा" लिहिलेलं. कार्यक्रम चाळीस मिनिटांत संपला, पुढं नुसत्या मुंग्या. कोरं दिसलं तरी आम्ही रीळ शेवटपर्यंत चालवतो, लोक उरलेल्या जागेत काहीबाही घेऊन ठेवतात. पंचवीसेक मिनिटांनी एकदम अंगण आलं, म्हैस, आणि लुगडं नेसलेली एक म्हातारी धार काढताना, कॅमेऱ्याकडे बघून म्हणते, "आरं माजं कशाला काढतुयास, नवरीचं काढ की." घरच्यांनाही ते माहीत नव्हतं. त्या काकूंनी दुकानात स्टुलावर बसून तेवढंच पाच वेळा बघितलं, त्यांच्या सासूबाईंचा एक फोटोसुद्धा पुरात राहिला नव्हता.

आता कॉम्प्युटरलाच डिस्क ड्राइव्ह नसतो, म्हणून डीव्हीडीबरोबर पेनड्राइव्हवरही फाईल देतो. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी म्हणजे जपानची फुनाई, तिने २०१६ मध्ये ते बनवायचे बंद केले, त्यानंतर नवीन मशीन नाही. आमच्याकडे चार आहेत, दोन चालू आणि दोन पार्टसाठी ठेवलेली. ती चालतील तोवर हे काम करणार. येताना एवढंच करा, कॅसेट घरी लावून बघू नका, जशी कपाटात आहे तशीच घेऊन या, आणि भिजली असेल तर ओलीच आणा.